कोर्टासमोरचा बिनचेहऱ्याचा शिपाई

ती सकाळ आठवली की आजही आधी भीती वाटते आणि मागाहून हसू येतं. तीस वर्षांच्या नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, पण हा मान दुसऱ्या कुठल्याच प्रकरणाला मिळाला नाही.

आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टासमोर मोठी हिरवळ होती. हिरवळीच्या मधोमध उंच चौथरा, आणि चौथऱ्यावर बंदूक जमिनीला टेकवून उभा असलेला पांढराशुभ्र शिपाई. ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यातल्या त्या गुरुवारी मी ड्यूटीवर आलो, गाडी लावली आणि सवयीनं वर पाहिलं. शिपाई होता. बंदूक होती. टोपी अर्धी होती. चेहरा नव्हता. टोपीखाली नुसतं करडं खबदाड दिसत होतं, आणि चौथऱ्याच्या पायरीवर पांढरे तुकडे पडले होते, कुणी चिनी मातीच्या बश्या आपटाव्यात तसे.

नावं सांगणार नाही, गावाचंही नाही. पण माझी थोडी ओळख देतो, नाहीतर तुम्ही विचाराल की नॉर्थ कॅरोलायनातल्या शेरीफच्या ऑफिसात मराठी माणूस काय करत होता. हा प्रश्न माझ्या आईनंही शेवटपर्यंत विचारला. माझे वडील इचलकरंजीकडचे, कापड गिरणीच्या यंत्रांचे इंजिनियर. इकडच्या गिरण्यांत त्यांना काम मिळालं तेव्हा मी शाळेत होतो. ओळखीच्या सगळ्या घरांतली मुलं डॉक्टर नाहीतर इंजिनियर झाली. मी कॉलेज संपवून शेरीफकडे डेप्युटी झालो. शेरीफ म्हणजे काउंटीचा निवडून आलेला पोलीसप्रमुख, आणि डेप्युटी म्हणजे त्याचा अंमलदार. आईनं भारतात सगळ्यांना कळवलं की मुलगा सरकारी नोकरीत लागला. कुठली सरकारी नोकरी असं कुणी विचारलं की तिला फोनवर ऐकू येईनासं व्हायचं.

त्या वर्षी मी नुकताच तपास विभागात आलो होतो. माझे सीनियर एक वयस्क गोरे डिटेक्टिव्ह होते. पोट सुटलेलं, खिशात कायम खारे शेंगदाणे. त्यांच्या पाहण्यातला प्रत्येक भारतीय माणूस डॉक्टर होता, म्हणून ते मला 'डॉक' म्हणायचे. सुरुवातीला मी त्यांना दुरुस्त करायचो. पुढे सोडून दिलं. म्हटलं, निदान एका माणसाच्या तोंडून तरी आईची इच्छा पुरी होतेय.

आता हा शिपाई कोणाचा, ते सांगायला हवं. अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षांपूर्वी यादवी युद्ध झालं. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेची राज्यं देशातून फुटून निघाली, त्यांनी स्वतःला कॉन्फेडरेट म्हणवलं, लढली आणि हरली. आमचा शिपाई त्या हरलेल्या फौजेचा. हरलेल्या फौजेचा पुतळा सरकारी कोर्टासमोर, सरकारी जमिनीवर कसा, हे मला लहानपणी कधी समजलं नव्हतं. मोठेपणी कळलं की तो लढाईनंतर लगेच उभा राहिलाच नव्हता. जवळपास पन्नास वर्षं उलटल्यावर गावातल्या प्रतिष्ठित बायकांच्या एका मंडळानं तो उभारला. तोवर कायद्याच्या पळवाटा काढून काळ्या लोकांचं मत त्यांच्या हातून काढून घेतलेलं होतं. दक्षिणेत अशी कित्येक कोर्टं आणि कित्येक शिपाई. दर मे महिन्यात मंडळ तिथे फुलं वाहायचं, भाषणं व्हायची, मुलं गाणी म्हणायची.

त्या वर्षी कार्यक्रम शनिवारी होता. आणि पुढच्या सोमवारी काउंटीच्या बोर्डापुढे एक अर्ज मतदानाला येणार होता, की हा पुतळा कोर्टासमोरून हलवून कब्रस्तानात न्यावा. अर्ज करणारा माणूस आमच्या हायस्कुलात इतिहास शिकवायचा. कृष्णवर्णीय, चाळिशीचा, नेहमी टाय लावणारा. त्याला आपण मास्तर म्हणू. मागच्या सभेत कुणीतरी त्याला डिवचलं, तेव्हा मास्तर म्हणाला होता, "ज्या दिवशी ते तोंड इथून जाईल त्या दिवशी सगळ्या गावाला लिंबू सरबत माझ्याकडून." लोक हसले होते. गुरुवारी सकाळी मात्र ते वाक्य कुणालाच विनोदी वाटेना.

आठच्या हजेरीला शेरीफ स्वतः आले. हे वाईट लक्षण. ते फक्त निवडणुकीच्या आधी किंवा कुणी मेलं तर हजेरीला यायचे, आणि निवडणूक नोव्हेंबरात होती. हजेरी संपते न संपते तोच फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. काल संध्याकाळी शाळेचा मास्तर पुतळ्यापाशी होता, त्याच्या हातात काहीतरी लांबुळकं होतं, एवढं सांगून फोन ठेवला. खबर कोणी दिली ते मला आजतागायत कळलेलं नाही. एक अनुभव मात्र सांगतो. निनावी खबर बहुतेक वेळा खरी असते, आणि बहुतेक वेळा अपुरी असते. सांगणाऱ्यानं पाहिलेलं असतं ते खरंच असतं, पण त्यानं काय समजून पाहिलं ते आपल्याला माहीत नसतं.

शेरीफनी हुकूम सोडला, मास्तरला घेऊन या. त्यांना शनिवारच्या आत अटक हवी होती.

आम्ही त्याला शाळेतून आणलं. अटक नव्हती, चौकशीसाठी या एवढीच विनंती होती. पण वर्गातून दोन पोलीस घेऊन जातात तेव्हा विनंती आणि अटक यांतला फरक मुलांना कोण समजावणार. मुख्याध्यापकांनी दारातच सांगितलं की हे मिटेपर्यंत शाळेत येऊ नका. मास्तरनं खडू ठेवला, हात पुसले, मुलांना म्हणाला, धडा पुढे वाचून ठेवा.

चौकशीची खोली म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, एक घरघरणारा एसी. हक्क वाचून दाखवले. गप्प बसण्याचा हक्क आहे, वकील मागण्याचा हक्क आहे. मास्तर म्हणाला, "मी हे मुलांना शिकवतो. तुम्ही एक ओळ गाळलीत." खरंच गाळली होती. सीनियरांनी शेंगदाणे चावत ती वाचली.

काल संध्याकाळी पुतळ्यापाशी होतात का? होतो. हातात काय होतं? मोजपट्टी, लाकडी, शाळेच्या वर्कशॉपमधली. बोर्डानं विचारलं होतं की पुतळा हलवायचा तर चौथरा केवढा, गाडी केवढी लागेल. ते मोजायला गेलो होतो. कुणी पाहिलं? पाहिलं असेलच, म्हणून तर मी इथे आहे.

सीनियर पुढे झुकले. त्यांची एक पद्धत होती, आवाज खाली न्यायचा, म्हणजे समोरच्यालाही झुकावं लागतं. मास्तर झुकला नाही.

"तुम्हाला तो पुतळा नको होता," सीनियर म्हणाले.

"मला तो इथे नको होता. मी हलवा म्हणालो. फोडा म्हणालो नाही."

"रागाच्या भरात माणूस..."

"साहेब, नीट विचार करा. सोमवारी मतदान आहे, आणि मला वाटतं एका मताचा प्रश्न आहे. फुटका पुतळा कोणी हलवत नाही. फुटका पुतळा लोक दुरुस्त करून परत त्याच जागी बसवतात, आणि भोवती कुंपण घालतात. तो फुटला त्या क्षणी मी हरलो. या गावात त्याला धक्का लागू नये असं सर्वांत जास्त कोणाला वाटत असेल, तर ते मला."

मी लिहून घेत होतो, माझी पेन्सिल थांबली. गुन्हेगार आपला बचाव करतात. हा माणूस स्वतःचा हिशेब मांडत होता, आणि तो हिशेब बरोबर होता.

मग तो म्हणाला की त्याचे आजोबा तरुणपणी याच पुतळ्यासमोरून मतदारयादीत नाव घालायला कोर्टात गेले होते आणि तसेच परत आले होते. "ते सांगायचे, आत जाण्याआधीच उत्तर मिळालं होतं. बाहेर उभं होतं." सीनियरांनी शेंगदाणे बाजूला ठेवले. त्यांनीही सांगितलं की त्यांचे पणजोबा सतराव्या वर्षी त्या लढाईत गेले, परत आले नाहीत, थडगंही नाही. घरातले लोक पुतळ्यालाच थडगं समजतात. एसी घरघरत होता. मला वाटलं, ही चौकशी आता पोलिसांची राहिलेली नाही.

पण शेरीफना तत्त्वज्ञान नको होतं. मास्तरच्या गाडीत हातोडा सापडला. ज्याच्या गाडीत हातोडा नाही असा माणूस त्या काउंटीत शोधावा लागला असता, पण तो गोळा झाला, त्यावर चिठ्ठी लागली. शुक्रवारी दुपारी मॅजिस्ट्रेटकडून अटकेचं वॉरंट घ्यायचं ठरलं.

शुक्रवार सकाळपर्यंत हिरवळीभोवती पिकअप ट्रक उभे राहू लागले. माणसं काही करत नव्हती. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून कॉफी पीत होती आणि कोर्टाकडे बघत होती. काही न करणारी गर्दी मला करणाऱ्या गर्दीपेक्षा जास्त घाबरवते, कारण ती कशाची तरी वाट पाहत असते. मास्तरला आम्ही पुन्हा बोलावलं होतं. तो आतल्या बाकावर बसला होता. त्याच्या बायकोला घरी फोन येत होते, उचलला की कुणी बोलत नव्हतं. अटक झाली की तो खालच्या तुरुंगात जाणार. त्या तुरुंगाला रस्त्याच्या बाजूनं एकच दार, आणि शनिवारी बाहेर सगळा गाव जमणार. मी मनातल्या मनात त्या दाराला कडी लावून बघत होतो आणि प्रत्येक वेळी ती तुटत होती.

अशा वेळी सीनियरांनी मला काम दिलं, तुकड्यांचा पंचनामा कर. एका खोक्यात सगळे तुकडे भरून ठेवले होते. मी ते टेबलावर मांडू लागलो. एक मोठा तुकडा नाक आणि गालाचा होता. तो उलटा केला आणि माझा हात थबकला.

आतून तो खोलगट होता. गौराईचा मुखवटा मागून पाहावा तसा. दगड फुटला तर ढलपा निघतो, मुखवटा निघत नाही. आणि कडेला पापुद्रे होते. पांढरा, पिवळट, करडा, पुन्हा पांढरा, मध्ये लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर, पुन्हा पांढरा. हा दगड नव्हताच. हा रंग होता.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मी नॉर्थ कॅरोलायनात नव्हतो. मी कृष्णाकाठच्या आजोळी होतो. गावच्या मारुतीला पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर लावत. थरावर थर चढत गेले, नाकडोळे बुजले, मारुती गोल गरगरीत झाला. मी लहान असताना एका उन्हाळ्यात सकाळी लोक देवळात गेले तर देवाचं तोंड खाली पडलेलं. गावात हाहाकार. देव कोपला. पण कोपलेल्या देवाला पकडता येत नाही, म्हणून गावानं माणूस पकडला. कधी देवळात पाऊल न टाकणारा, मारुतीची चेष्टा करणारा एक शिंपी होता. आदल्या दिवशी तो देवळापुढून गेलेला कुणीतरी पाहिला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. दुपारी जाणत्या माणसांनी तुकडे उचलून पाहिले आणि सांगितलं, देवानं खोळ टाकलीय, आतली मूर्ती शाबूत आहे. मग ती खोळ वाजतगाजत नदीत सोडली, गावजेवण झालं. शिंप्याचा हात तोवर मोडलेला होता. तो हात मी पाहिला होता, कोपरातून भलतीकडे वळलेला.

मी धावत सीनियरांकडे गेलो. म्हटलं, मला शिडी पाहिजे.

"डॉक, तुला पडायचं असेल तर आपल्याकडे जिना आहे."

तरी त्यांनी अग्निशमनवाल्यांना सांगून शिडी आणवली आणि स्वतः खाली धरून उभे राहिले. मी गर्दीच्या देखत वर चढलो. नाटकात काम करायची हौस मला लहानपणापासून, पण एवढा प्रेक्षकवर्ग आणि इतकी कमी सहानुभूती मला पुन्हा कधी मिळाली नाही. एक जण ओरडला, आता उरलेलाही फोडून ये.

वर गेलो आणि पाहिलं. करड्या दगडावर हातोड्याची एकही खूण नव्हती. एकही ताजा टवका नव्हता. आणि खबदाडात चेहरा होता. खालून दिसत नव्हता इतकाच. पावसानं झिजलेला, मऊ कडांचा, पण चेहरा. कॉलरच्या चिरेतून अजून पाणी पाझरत होतं, आणि आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता.

"काय दिसतंय?" सीनियरांनी विचारलं.

"मिशी नाही."

"काय?"

"त्याला मिशी नाही. वरच्या लांबीची होती. आत पोरगा आहे, सतरा-अठरा वर्षांचा."

मी उतरलो तेव्हा सीनियरांनी शिडी माझ्या हातात दिली आणि एवढं पोट घेऊन स्वतः वर चढले. बराच वेळ वर होते. खाली आल्यावर त्यांनी फक्त रुमालानं तोंड पुसलं. म्हणाले, "चल, शेरीफकडे."

शेरीफनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या मारुतीसकट. मग म्हणाले, "मी मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन सांगू, की एका माकडाच्या देवाच्या साक्षीवर संशयिताला सोडतोय? सगळ्या गावाला माहीत आहे तो इटलीचा संगमरवर आहे. रंग लावतं कोण त्याला? मला माणूस आण जो सांगेल की मी रंग लावला. तीन वाजता मी वॉरंट मागणार."

रंग कोण लावतं, याचं उत्तर मला देवळातून मिळालं. देवाला शेंदूर कोण लावतं? ज्याचा देव तो. मी गाडी काढली आणि फुलं वाहणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाईंकडे गेलो.

बाई सत्तरीच्या पुढच्या, विधवा. पडवीत झुलत्या खुर्चीत बसलेल्या. मला पाहून त्यांना आनंद झाला नाही, पण दक्षिणेत दारात आलेल्या माणसाला थंड गोड चहा न देणं हे पाप असतं. चहा आला. आता इथे अनुभवी पोलीस थेट विचारेल, बाई, पुतळा तुम्ही रंगवता का? आणि बाई म्हणतील, नाही. मी मराठी घरात वाढलोय. काकू, मावशी, आत्या यांना थेट प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही एवढं मला कळतं. त्यांच्यापुढे एखादं काम चुकीच्या पद्धतीनं केल्याचं वर्णन करायचं असतं.

मी त्यांना मारुतीची गोष्ट सांगायला लागलो. आजोळ, नदी, देऊळ. माकडाच्या तोंडाचा देव म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या, पण ऐकत राहिल्या. शेंदूर म्हणजे केशरी रंगाची पूड, ती तेलात कालवतात आणि दर शनिवारी नुसत्या हातानं थापतात, असं मी म्हणालो.

"तेलात?" बाई म्हणाल्या. "आधीचा थर खरवडत नाहीत?"

"नाही मॅम. देवाला कसं खरवडणार."

"आणि खाली प्रायमर?"

"प्रायमर नाही."

"मग गळणारच की, यंग मॅन. उन्हात तेल ताणतं. आम्ही बोटींचा रंग वापरतो, दोन हात देतो, तरीसुद्धा मानेपाशी..."

बाई थांबल्या. त्यांच्या ग्लासातला बर्फ खाली बसला, तेवढा आवाज झाला. मीही काही बोललो नाही. चौकशीतलं सर्वांत अवघड काम प्रश्न विचारणं नसतं. नेमक्या वेळी गप्प बसणं असतं.

बऱ्याच वेळानं त्या बोलल्या. दगड संगमरवर नव्हता. मंडळाकडे तेवढे पैसे जमले नव्हते, मऊ दगड मिळाला, काही वर्षांत झिजू लागला. मग त्यांच्या आजीनं पहिल्यांदा रंग लावला, कार्यक्रमाआधीच्या आठवड्यात, पहाटे, पडदा लावून. नंतर आईनं. नंतर त्यांनी. नाक झिजलं तिथे लांबी भरली. मिशी आईची कल्पना होती, त्यामुळे तो करारी दिसायचा. पुरुषांना कधी सांगितलं नाही. या वर्षी खांदा दुखतो म्हणून त्यांनी भाच्याकडून जोराच्या फवाऱ्याचं यंत्र आणलं आणि मंगळवारी त्याला धुतलं. पाणी थरांच्या आत शिरलं असणार.

"मॅम, मास्तर शेरीफच्या ऑफिसात बसलेत. तीन वाजता त्यांना तुरुंगात टाकतील."

"तो माणूस आमच्या शिपायाला इथून घालवायला निघालाय."

"होय मॅम. अर्ज करून."

त्यांनी चहाचा ग्लास उचलला आणि मला म्हणाल्या की आता जा. मी गेलो. जबाब नाही, सही नाही, काही नाही. परत येताना गाडीत मी इतका घामाघूम झालो होतो की एसी लावलाय की हीटर ते दोनदा पाहिलं. शेरीफना सांगितलं. ते म्हणाले, बाई आल्या तर बघू. त्यांचं बोट घड्याळावर वाजत होतं. मी मास्तरच्या बाकापाशी जाऊन उभा राहिलो. त्यानं विचारलं काय झालं. मी म्हटलं, वाट पाहतोय. तो म्हणाला, त्याची सवय आहे.

तीनला थोडा अवकाश होता. बाहेरची कुजबुज एकदम थांबली म्हणून मी खिडकीशी गेलो. बाई चालत येत होत्या, चर्चला घालतात ती हॅट आणि हातमोजे घालून. ट्रकवरची माणसं खाली उतरली, टोप्या काढल्या. बाई ऑफिसात आल्या नाहीत. पुतळ्यापाशी जाऊन गर्दीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज बारीक होता, पण हिरवळीवर पान हलत नव्हतं.

"त्याला मी धुतलं. तो माझ्या हातून पडला. कोणी काही फोडलेलं नाही. आता घरी जा, तुमच्या बायका वाट पाहत असतील."

कुणीतरी विचारू पाहत होतं. त्यांनी नुसतं त्याचं नाव घेतलं, त्याच्या आईचंही घेतलं, आणि तो गप्प झाला. मग त्या आत आल्या, जबाब दिला, वाचून पाहिला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सही केली. निघताना मास्तरच्या बाकापुढे थांबल्या.

"सोमवारी मी बोर्डापुढे तुमच्याविरुद्ध बोलणार आहे."

मास्तर उठून उभा राहिला. "मॅम, तुम्ही आला नसतात तरच मला नवल वाटलं असतं."

सोमवारी अर्ज एका मतानं पडला. शिपायाला पुन्हा रंग लागला. मिशी मात्र लावली नाही. का, ते मला सीनियरांनी कधी सांगितलं नाही, पण मंडळाच्या बायकांशी ते बोलले होते एवढं खरं. वाद तिथेच संपला नाही. पुढची कित्येक वर्षं अर्ज येत राहिले, मोर्चे निघाले, कायदे झाले, आणि इतर गावांतल्या शिपायांवरूनही हेच सगळं चाललं. आमचा शिपाई आज कुठे आहे, हे मी सांगणार नाही, कारण सांगितलं की तुम्ही गाव ओळखाल.

मला मात्र त्या शुक्रवारची संध्याकाळ सांगायची आहे. मास्तरला घरी सोडायला मी गाडी चालवत होतो. मी खुशीत होतो, अगदी रंगात येऊन त्याला मारुती, शेंदूर, शिंपी, पडवीतला प्रायमर, सगळं सांगितलं. माझ्या आयुष्यातला पहिला मोठा उलगडा होता. तो शांतपणे ऐकत होता. घरासमोर गाडी थांबली. खिडकीच्या पडद्याआड त्याची बायको उभी होती. त्यानं दाराला हात घातला आणि माझ्याकडे वळला.

"तुमच्या आजोबांच्या गावात तो देव नसता तर?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो क्षणभर थांबला, थँक यू म्हणाला आणि उतरला. दार उघडलं, त्याच्या बायकोनं त्याचे दोन्ही हात धरले, ते उलटसुलट करून पाहिले, आणि दार बंद झालं.

पुढच्या सगळ्या नोकरीत मी नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवत राहिलो. कोणी केलं हे विचारायच्या आधी, काय झालं ते विचारा. तुकडा उलटा करून पाहा. ती पोरं मान डोलावायची, लिहूनही घ्यायची. मास्तरच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मला एवढंच देता आलं, आणि ते पुरेसं नाही हे मला माहीत आहे. कारण त्या शुक्रवारी तीन वाजेपर्यंत एका निरपराध माणसाची सुटका कायद्यावर अवलंबून नव्हती, पुराव्यावर नव्हती, आमच्यावरही नव्हती. ती एका सत्तरीच्या बाईंनी हॅट घालायची की नाही, यावर अवलंबून होती.